श्वासपटलाची गाठ : एका दुर्मिळ रोगाचा इतिहास

वसंतातील संध्याकाळी उन्हे उतरल्यावर व्याख्यानाला येऊन बसणाऱ्या मंडळींना साहित्य, राजकारण, अर्थनीती, संतवाङ्मय असे विषय अपेक्षित असतात. आजच्या विषयाचे नाव वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर तो त्यांचा दोष नव्हे. पोट आणि छाती यांच्या मधला जो पडदा, त्याच्या मज्जातंतूंवर क्वचित कधी एखादी गाठ उद्भवते. हा रोग इतका विरळा, की मोठमोठ्या इस्पितळांत हयात घालविलेल्या शस्त्रवैद्यांपैकी अनेकांना तो एकदाही पाहावयास मिळत नाही. मग ज्यांना रुग्ण तपासावयाचे नाहीत, अशा नागरिकांनी त्याचा इतिहास कशासाठी ऐकावा?

आम्ही शस्त्रवैद्य नाही, इतिहासाचे वाचक आहोत. आणि हा विषय निवडण्याचे आमचे कारण इतिहासाचेच आहे. पटकी, देवी, क्षय यांसारख्या मोठ्या रोगांचा इतिहास सांगताना एखाद्या थोर पुरुषाभोवती सारी कथा गुंफता येते. या लहानशा गाठीला असा कोणी नायक नाही. तिच्यावर उपाय करता यावा म्हणून कोणी प्रयोगशाळा उभारली नाही, की कोणी देणगी दिली नाही. तरीही आज ती ओळखता येते, सुखरूप काढता येते आणि रोगी चालत घरी जातो. कोणीच जिच्यासाठी मुद्दाम झटले नाही, त्या गाठीचे औषध कोठून आले? या प्रश्नाचा माग काढीत गेले, की ज्ञान समाजात कसे साठते आणि कशाने अडते, याचा एक चांगला धडा हाती लागतो.

पडदा आणि मन

प्रथम या पडद्याची ओळख करून घेऊ. वैद्यकाच्या मराठी पुस्तकांत त्याला श्वासपटल किंवा मध्यपटल म्हणतात. बरगड्यांच्या खालच्या कडांना चिकटलेले हे स्नायूचे घुमटाकार छत आहे. घुमटाच्या वर फुप्फुसे व हृदय, खाली यकृत, जठर व प्लीहा. हा घुमट आकुंचन पावून खाली सरकला म्हणजे छातीची पोकळी वाढते आणि हवा आत येते. तो सैल पडून वर गेला म्हणजे हवा बाहेर जाते. लोहाराच्या भात्यासारखे हे काम दिवसाला वीस हजारांहून अधिक वेळा चालते, आणि निजलेल्या माणसाचा भाताही थांबत नाही.

प्राचीन ग्रीकांनी या पडद्याला मोठा मान दिला होता. त्यांच्या भाषेत ‘फ्रेन’ हा शब्द या भागालाही लावीत आणि मनालाही. आपल्याला याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. भीती वाटली, की आपल्याही पोटात गोळा येतो, आनंदाने आपलाही ऊर भरून येतो. भावना उठताच ज्या जागी श्वास अडखळतो, तीच मनाची जागा असली पाहिजे, असा तो साधा तर्क होता. हिपॉक्राटीसच्या परंपरेतील अपस्मारावरील ग्रंथाच्या कर्त्याने मात्र स्पष्ट सांगितले, की या पडद्याला हे नाव केवळ योगायोगाने आणि रूढीने मिळालेले आहे. विचार करणे हे मेंदूचे काम, पडद्याचे नव्हे. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाक्य म्हणजे शब्दाच्या मोहातून वस्तू सोडविण्याचा एक धीट प्रयत्न होता. शब्द मात्र मेला नाही. या पडद्याला चेतना देणाऱ्या मज्जातंतूला वैद्यकात आजही ‘फ्रेनिक’ असेच म्हणतात.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन हा वैद्य पर्गामम येथे मल्लयोद्ध्यांच्या जखमा बांधीत असे. पुढे तो रोमला गेला. त्याने जिवंत प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले, की मानेतून निघून छातीत उतरणारे हे दोन मज्जातंतू तोडले तर पडद्याची हालचाल थांबते. पोटाजवळच्या स्नायूचा तंतू मानेतून का यावा, हे कोडे गर्भशास्त्राने फार उशिरा सोडविले. गर्भावस्थेच्या आरंभी या पडद्याचा मूळ अंश मानेच्या पातळीवर असतो. वाढ होताना तो खाली उतरतो आणि आपला तंतू सोबत ओढीत नेतो. म्हणूनच पडद्याला इजा झाली, की पुष्कळदा दुखते ते खांद्याच्या टोकाला. रोगी खांदा दाखवितो आणि रोग असतो दीड वीत खाली! ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

गाठीला नाव कसे मिळाले

आता गाठीकडे वळू. थिओडोर श्वान हा जर्मन शास्त्रज्ञ १८१० साली जन्मला. बर्लिनमध्ये योहानेस म्यूलर यांच्या हाताखाली काम करीत असताना त्याने प्राण्यांच्या ऊतीही वनस्पतींप्रमाणे पेशींच्याच बनलेल्या असतात, असे १८३९ साली ग्रंथ लिहून मांडले. त्याच अभ्यासात मज्जातंतूभोवती वेटाळून बसलेल्या पेशी त्याच्या नजरेस आल्या. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन, तशा या पेशी तंतूवर आवरण घालतात. पुढे त्यांना श्वानचेच नाव मिळाले.

या आवरणपेशींचा एक गुण मोठा विलक्षण आहे. तंतू चेंगरला वा तुटला, तर त्याचा पुढचा भाग कुजून जातो. हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेतील तंतू तोडून दाखविले. परंतु आवरणपेशी जागच्या जागी टिकतात, वाढतात आणि एखाद्या नळीसारखी रांग धरतात. त्या नळीतून नवा कोंब दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुढे सरकतो. म्हणजे तंतूचा मार्ग राखून ठेवणारे हे इमानी पहारेकरी होत. आणि हीच पेशी कधी काळी मर्यादा सोडून वाढू लागली, की तिची गाठ होते.

अशा गाठी पूर्वीही दिसत होत्या. १७७७ साली लायडनच्या एडुआर्ड सांडिफोर्ट यांनी शवविच्छेदनात कानाच्या मज्जातंतूवरची गाठ नोंदविली होती. पण या गाठी कशाच्या बनतात याविषयी एकवाक्यता नव्हती. १८८२ साली स्ट्रासबुर्गच्या फोन रेक्लिंगहाउझेन यांनी त्वचेवर व तंतूंवर अनेक गाठी येणाऱ्या एका आनुवंशिक रोगाचे वर्णन केले. त्यानंतर ऊरुग्वेत जन्मलेले आणि प्राग येथे काम करणारे होसे व्हेरोकाय यांनी १९१० साली सूक्ष्मदर्शकाखाली असे पाहिले, की काही गाठींतील पेशींची केंद्रके पंगतीत समोरासमोर बसावीत तशी ओळीने मांडलेली असतात. ही गाठ आवरणपेशींपासून झाली असावी असे त्यांनी म्हटले. १९२० साली स्वीडनच्या निल्स आंतोनी यांनी दाट आणि विरळ अशी तिची दोन रूपे वेगळी केली.

तरी वाद मिटला नाही. अमेरिकेतील काही नामवंतांचे मत, ही साधी तंतुमय ऊतीची गाठ आहे, असे होते. मासों यांनी १९३२ साली तिला श्वानचे नाव देऊन दुसरी बाजू ठामपणे मांडली. अखेर १९४० साली न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट मरे आणि आर्थर पर्डी स्टाउट यांनी अशा गाठींचे तुकडे काचपात्रात जिवंत ठेवून वाढविले. त्यांतून निघालेल्या पेशी तंतुमय ऊतीच्या पेशींप्रमाणे नव्हे, तर श्वानच्या पेशींप्रमाणे वागतात, असे त्यांना आढळले. पुढे १९६५ साली ब्लेक मूर यांनी बैलाच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळे काढले. अमोनियम सल्फेटच्या पूर्ण संपृक्त, म्हणजे शंभर टक्के द्रावणातही ते विरघळून राहते, म्हणून त्याचे नाव एस-शंभर. आवरणपेशींत ते भरपूर असते. आज गाठीच्या कापावर या प्रथिनाचा रंग चढतो की नाही हे पाहून तिचे कूळ ठरवितात. मेंदूवर संशोधन करणाऱ्याच्या मनात श्वासपटल नव्हते, हे निराळे सांगावयास नको.

हा सारा वाद पोथीतला नव्हता. आवरणपेशीची निर्मळ गाठ आपल्या कवचात राहते. तंतू तिच्या एका बाजूला सरकलेला असतो, आणि कुशल हात तंतू वाचवून तिला सोलून काढू शकतो. दुसऱ्या जातीच्या गाठीत तंतूचे धागे आतून ओवलेले असतात. तेथे गाठ काढणे म्हणजे तंतूचाही बळी देणे. नाव बदलले की सुरीची वाट बदलते.

श्वासपटलातच उगम पावलेल्या गाठीची पहिली म्हणून जी नोंद सांगतात, ती १८६८ सालची. पॅरिसमध्ये ग्रांशे या पंचविशीतल्या तरुण वैद्याला शवविच्छेदनात पडद्यावर तंतुमय गाठ आढळली आणि त्याने ती लिहून ठेवली. हेच ग्रांशे पुढे १८८५ साली, पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या एका मुलाला पाश्चरची लस टोचताना इतिहासात पुन्हा दिसतात; पाश्चर स्वतः वैद्य नसल्यामुळे सुई ग्रांशे यांच्या हाती होती. त्या लसीची कीर्ती जगभर झाली, पडद्याच्या गाठीची नोंद दप्तरात पडून राहिली. त्यानंतर जवळपास शंभर वर्षांनी, १९६५ साली, अमेरिकेतील दोन शस्त्रवैद्यांनी जगातील वाङ्मय धुंडाळून या पडद्याच्या स्वतंत्र गाठी मोजल्या, तेव्हा सर्व प्रकार मिळून त्या शंभरही भरल्या नाहीत. मज्जातंतूच्या गाठी हा त्यांतलाही एक लहानसा भाग.

बंद छातीचे दार

गाठ माहीत झाली, तरी ती काढावयाची कशी? पोट उघडण्याचे धाडस एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूल आणि जंतुनाशन यांच्या बळावर सर्रास होऊ लागले होते. छाती मात्र बंदच होती. कारण साधे होते. फुप्फुस हे फुगविलेल्या रबरी फुग्यासारखे छातीच्या आत ताणून धरलेले असते. भोवतालच्या पोकळीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो म्हणून ते फुगलेले राहते. छातीला भोक पडले, की हवा आत घुसते आणि फुप्फुस मिटते. शस्त्रवैद्य सुरी उचलतो आणि रोगी गुदमरू लागतो, असा हा पेच होता.

गंमत अशी, की या पेचाचे उत्तर फार पूर्वीच सापडलेले होते. १५४३ साली वेसालिउसने आपल्या शरीररचनेच्या थोर ग्रंथात लिहिले आहे, की प्राण्याच्या श्वासनलिकेत बोरूची नळी घालून फुंकले, तर उघड्या छातीतही फुप्फुसे फुगतात आणि मरणोन्मुख हृदय पुन्हा चालू लागते. १६६७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे रॉबर्ट हुक यांनी कुत्र्याची छाती उघडून भात्याने हवा पुरवून त्याला जिवंत ठेवले. पुढे जाऊन त्यांनी फुप्फुसांना बारीक छिद्रे पाडली आणि हवेचा अखंड झोत आत सोडला. फुप्फुसे न हलताही कुत्रा जगला; आवश्यक आहे ती ताजी हवा, हालचाल नव्हे, असे सिद्ध झाले. पण हे प्रयोग करणारे शस्त्रवैद्य नव्हते, आणि ज्यांना गरज होती त्या शस्त्रवैद्यांनी त्यांतून हा मार्ग उचलला नाही. अडीचशे वर्षे उत्तर ग्रंथांत होते आणि प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

१९०४ साली ब्रेस्लाउ येथे मिकुलिच यांच्या हाताखालचा तरुण शस्त्रवैद्य फेर्डिनांड झाउअरब्रुख याने एक अचाट तोड काढली. त्याने एक हवाबंद कोठडी बांधली. रोग्याचे धड आणि शस्त्रवैद्य कोठडीच्या आत. रोग्याचे डोके मात्र मानेभोवती रबरी पट्टा आवळून बाहेर, भूल देणारा वैद्यही बाहेर. कोठडीतील हवेचा दाब किंचित कमी केला, म्हणजे छाती उघडली तरी फुप्फुस मिटत नसे. त्याच वर्षी बर्लिनच्या शस्त्रवैद्यांच्या परिषदेत ही योजना मांडली गेली आणि तिचा गाजावाजा झाला. त्याच सुमारास ब्राउअर यांनी याच्या उलट, रोग्याच्या डोक्याभोवतीचा दाब वाढविण्याची युक्ती सुचविली.

कोठडी प्रचंड, खर्चिक आणि उकाड्याची. आत जागा थोडी, बाहेरच्याशी बोलणे कठीण. १९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सॅम्युएल मेल्टझर आणि त्यांचे जावई जॉन आउअर यांनी तोच पेच एका बारीक नळीने सोडविला. श्वासनलिकेत नळी घालून हवा व भुलीची वाफ सतत आत सोडली, की उघड्या छातीचा प्राणी शांतपणे जगतो. ही म्हणजे वेसालिउसचा बोरू आणि हुकचा अखंड झोत यांचीच आधुनिक आवृत्ती! १९१० साली एल्सबर्ग यांनी न्यूयॉर्कमध्येच ती माणसांवर वापरली. १९१७ साली अमेरिकेतील छातीच्या शस्त्रवैद्यांनी आपली संस्था स्थापली, तेव्हा पहिले अध्यक्षपद त्यांनी मेल्टझर यांना दिले. ते शरीरक्रियेचे अभ्यासक होते, शस्त्रवैद्य नव्हते. आपल्या धंद्याचे दार कोणी उघडले, याची ही प्रांजळ कबुली म्हणावयास हवी.

येथे थोडे थांबून एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. झाउअरब्रुख यांची योग्यता मोठी होती. पण त्यांचा अधिकार त्याहून मोठा झाला. नळीची सोपी रीत डोळ्यांसमोर असता ते दाबातील फरकाच्या आपल्या पद्धतीला दीर्घकाळ चिकटून राहिले, आणि त्यांच्या शब्दाच्या वजनामुळे जर्मन शस्त्रवैद्यक भुलीच्या बाबतीत मागे पडले. हिटलरची सत्ता आल्यावर त्यांनी तिला जाहीर पाठिंबा दिला आणि १९३७ साली तिचा राष्ट्रीय पुरस्कार स्वीकारला. महायुद्धानंतर त्यांची बुद्धी क्षीण होत गेली, तरी ते शस्त्रक्रिया करीतच राहिले. रोग्यांचे नुकसान होत होते. ते सहकाऱ्यांना दिसत होते. पण एवढ्या थोर माणसाच्या हातून सुरी काढून घेण्यास कोणी लवकर धजेना. १९४९ साली त्यांना निवृत्त करण्यात आले आणि १९५१ साली ते वारले. नव्या मार्गाचा आरंभ करणारा माणूसच पुढे त्या मार्गावरचा धोंडा होऊ शकतो. मोठ्यांचा मान राखणे हा आपल्याकडे गुण समजला जातो, आणि तो आहेही. पण ज्या मानाची किंमत तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते, तो मान कसला?

त्यानंतरची प्रगती वेगाने झाली. पहिल्या महायुद्धात चेहरा छिन्न झालेल्या सैनिकांवर इंग्लंडात उपचार करताना मॅगिल आणि रोबॉथम यांनी श्वासनलिकेत घालावयाची नळी सुधारली. ५ एप्रिल १९३३ रोजी सेंट लुई येथे एव्हार्ट्‌स ग्रॅहम यांनी कर्करोग झालेल्या एका डॉक्टरचे संपूर्ण फुप्फुस एकाच वेळी काढले. तो रोगी १९६३ पर्यंत जगला. ग्रॅहम स्वतः १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. १९४२ साली माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी भुलीबरोबर क्युरारे हे स्नायू सैल करणारे द्रव्य वापरले. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी ते बाणांना लावीत. श्वासपटल पूर्ण सैल करून, यंत्राने श्वास चालवून, त्याच पडद्यावर निवांत टाके घालणे आता शक्य झाले. भारतात १९४९ साली वेल्लोर येथे रीव्ह बेट्स या अमेरिकन शस्त्रवैद्याने छातीच्या शस्त्रक्रियेचा विभाग उभारला.

क्षयाने शिकविलेला धडा

एक शंका मात्र उरते. पडद्याचा एक भाग कापून टाकला, तर माणूस श्वास कसा घेणार? हे शिकविले क्षयरोगाने. औषध नसलेल्या काळात क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसाला विश्रांती देणे एवढाच उपाय होता. १९११ साली श्ट्यूर्ट्‌स यांनी सुचविले, की मानेतला फ्रेनिक तंतू तोडावा. म्हणजे त्या बाजूचा पडदा लुळा पडून वर चढेल आणि फुप्फुसाची हालचाल मंदावेल. पुढे तोडण्याऐवजी तंतू चिमट्याने नुसता चेंगरण्याची रीत आली. काही महिन्यांनी तंतू पुन्हा वाढून पडदा हलू लागे. ती वाट आवरणपेशींनीच राखलेली असे.

स्ट्रेप्टोमायसिन १९४०-५० या दशकात आले आणि हे उपाय हळूहळू मागे पडले. ते कितपत गुणकारी होते याविषयी मतभेद आहेत. परंतु हजारो रोग्यांच्या अनुभवाने एक गोष्ट पक्की केली : एका बाजूचा पडदा निकामी झाला, तरी दुसरी बाजू धड असेल, तर प्रौढ माणूस जगतो, हिंडतो-फिरतो. क्षयाच्या वैद्यांनी शिकलेला हा धडा गाठ काढणाऱ्यांच्या उपयोगी पडला.

त्याचबरोबर पडदा विनाकारण लुळा पडू नये, हीही काळजी हवीच. पूर्वी पडद्याला छेद देताना कडेपासून मध्याकडे, चाकाच्या आरीसारखा सरळ छेद देत. त्याने फ्रेनिक तंतूच्या शाखा तुटत. १९५६ साली सिॲटलच्या मेरेंडिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शाखा पडद्यात कशा पसरतात याचा नकाशा तयार केला. तंतू पडद्याच्या मध्याजवळ येऊन तेथून चार दिशांना फाकतो, म्हणून चाकाच्या धावेप्रमाणे कडेने वळसा घेणारा छेद सर्वांत निर्धोक, असे त्यांनी दाखविले. आजही विद्यार्थ्यांना हेच शिकवितात.

नखांची साक्ष

ही गाठ ओळखावयाची कशी? पुष्कळदा ती काहीच सांगत नाही. वर्षानुवर्षे वाढत राहते, आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या क्ष-किरणांच्या चित्रात पडद्याच्या घुमटावर एक गोल उंचवटा म्हणून दिसते. उजवीकडे असली तर यकृताचा फुगवटा वाटतो, डावीकडे असली तर प्लीहेचा. काहींना धाप, काहींना बरगडीखाली दुखणे, आणि काहींना, आम्ही वर सांगितल्याप्रमाणे, खांद्याच्या टोकाला कळ.

पण तिची एक साक्ष फार विचित्र आहे, आणि ती मिळते हाताच्या बोटांत. हिपॉक्राटीसच्या ग्रंथांत छातीत पू झालेल्या रोग्यांची नखे वक्र होतात, असे म्हटले आहे. १८८९ साली व्हिएन्नाच्या बाम्बर्गर यांनी आणि १८९० साली पॅरिसच्या पियेर मारी यांनी याचे पूर्ण रूप वर्णिले : बोटांची टोके नगाऱ्याच्या टिपरीसारखी फुगतात, घोटे व मनगटे सुजून ठणकतात, लांब हाडांवर नव्या हाडाचा थर चढतो. हा विकार बहुधा फुप्फुसाच्या रोगात दिसतो. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास असे ध्यानात आले, की श्वासपटलावरील मज्जातंतूच्या गाठींतही तो आढळतो, फुप्फुस धड असूनसुद्धा. १९५८ साली इंग्लंडातील एका क्षयरोगविषयक नियतकालिकात अशाच एका रोग्याची हकीकत प्रसिद्ध झाली.

असा रोगी काय करतो, याची कल्पना करावी. त्याचे गुडघे-घोटे दुखतात. तो संधिवात समजून तेल चोळतो, शेक घेतो, पथ्य करतो. वैद्यही सांध्यांवरच औषध देतो. दुखणे पायात, रोग छातीच्या तळाशी. कोणी एकाने त्याची नखे पाहून छातीचे चित्र काढले, तर सारे उलगडते. गाठ काढल्यावर सांध्यांचा ठणका बहुधा झपाट्याने, कधी काही दिवसांतच, ओसरतो. बोटेही सावकाश मूळ आकारावर येतात. असे का व्हावे? १९५६ साली लंडनच्या फ्लॅव्हेल यांनी दाखविले, की फुप्फुसाची गाठ काढता येत नसली, तरी तेथे जाणाऱ्या व्हेगस तंतूच्या शाखा तोडल्या तर सांध्यांच्या वेदना थांबतात. १९८७ साली डिकिन्सन आणि मार्टिन यांनी मांडले, की रक्त गोठविणाऱ्या कणिकांच्या मातृपेशी फुप्फुसात नीट न फुटता बोटांच्या टोकांपर्यंत जाऊन तेथे वाढीचे द्रव्य सोडतात. दोन्ही विचारांत तथ्य आहे. पण धडधाकट फुप्फुसाच्या शेजारच्या पडद्यावर बसलेली गाठ हे कसे घडविते, याचा पुरता उलगडा विज्ञानाला अद्याप झालेला नाही.

गाठ काढण्याची रीत

आजची रीत थोडक्यात अशी. नव्या यंत्रांनी शरीराचे आडवे-उभे काप चित्रात पाहून गाठ पडद्याचीच की शेजारच्या अवयवाची, हे प्रथम ठरवितात. हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रोग्याचे चित्र १९७१ साली घेतले गेले. त्यापूर्वी पोटात हवा भरून क्ष-किरणांखाली यकृत आणि पडदा वेगळे करून पाहावे लागे. मग सातव्या किंवा आठव्या बरगडीच्या खालून छाती उघडतात. गाठ मोकळी असेल तर सोलून काढतात. शंका असेल तर भोवतालची पडद्याची निरोगी कडही घेतात, कारण क्वचित ही गाठ मारक जातीची असते आणि ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळते. भोक लहान असेल तर न विरघळणाऱ्या धाग्याने कडा ओढून शिवतात. मोठे असेल तर कृत्रिम धाग्याच्या जाळीचे ठिगळ लावतात. असली जाळी टेक्ससच्या अशर यांनी १९५८ च्या सुमारास हर्नियासाठी पुढे आणली होती.

१९१० साली स्टॉकहोमच्या याकोबेउस यांनी छातीत नळी घालून आत पाहण्याची युक्ती काढली, तीही क्षयासाठीच. १९९० नंतर तिला चित्रवाणीचा डोळा जोडला गेला आणि निवडक रोग्यांत तीन-चार लहान छिद्रांतून हे सारे काम होऊ लागले. निर्मळ गाठ पूर्ण निघाली, तर ती सहसा परतत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. या गाठीवरचा उपाय कोठून आला? बोरूची नळी शरीररचनाकाराची, अखंड झोत पदार्थविज्ञाच्या प्रयोगातला, पेशीचे ज्ञान श्वानचे, भूल सैनिकांच्या फाटक्या चेहऱ्यांवरून सुधारलेली, पडदा सोसतो हा अनुभव क्षयरोग्यांचा, जाळी हर्नियाची. यांपैकी कोणीही या गाठीसाठी काम केले नव्हते. दुर्मिळ रोगाला स्वतःचे शास्त्र नसते. तो साऱ्या समाजाच्या साठविलेल्या ज्ञानावर जगतो. म्हणून “या संशोधनाचा उपयोग काय?” असे ज्या त्या प्रयोगाला दरडावून विचारणाऱ्यांनी जरा सबुरी धरावी. श्वानला कोणी असे विचारले असते, तर श्वासपटलाचे उत्तर त्याला देता आले नसते.

दुसरी गोष्ट नोंदीची. पंचविशीतल्या ग्रांशेने एक गाठ पाहिली आणि लिहून ठेवली. नंतर कोणी दोन, कोणी एक, असे करीत शतकभरात शंभराच्या आत नोंदी जमल्या. त्यांवरच निदानाची लक्षणे आणि छेदाचे नियम उभे राहिले. एकेका रोग्याची हकीकत एकटी असता क्षुल्लक वाटते. आपल्या इस्पितळांतून रोज जे दिसते, त्यातले किती लिहिले जाते आणि लिहिलेले किती वर्षे जपले जाते, हा प्रश्न वैद्यांइतकाच ज्यांच्या पैशावर ती चालतात त्या नागरिकांचाही आहे. बखरी आणि मोडी कागद वाळवीच्या तोंडून सोडविण्यात आपल्या इतिहासकारांची आयुष्ये गेली. इस्पितळाच्या दप्तरांनाही तीच माया लागू केली पाहिजे.

आणि अगदी शेवटी एक घरगुती सूचना. घरातल्या वडीलधाऱ्यांचे सांधे दुखत असले, तर औषधाबरोबर त्यांच्या बोटांकडेही एकदा पाहावे. नखे फुगून गोल झालेली दिसली, तर वैद्याला तेवढे जरूर सांगावे. शंभरात नव्याण्णव वेळा तेथे श्वासपटलाची गाठ असणार नाही. दुसरे काही असेल, कदाचित काहीच नसेल. पण पाहणे आणि सांगणे एवढे तर आपल्या हाती आहे. आमचे एवढेच निवेदन आहे.